रांगोळीच्या आत

माझा नवरा हवेत हात फिरवतो. मिस्टर काय करतात असं कोणी विचारलं की मी हेच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. कोणाला रेकी वाटते, कोणाला जादूटोणा. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीतल्या वॉचमनला तर बरेच दिवस वाटत होतं, की साहेब मच्छर मारतात.

वाद्याचं नाव थेरेमिन. एक विजेची पेटी, तिला उजवीकडे उभी दांडी आणि डावीकडे आडवं कडं. वाजवणारा कशालाच हात लावत नाही. उजवा हात दांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डाव्या हाताने आवाज कमीजास्त. गोम अशी, की माझ्या नवऱ्याचा, यतीनचा हात कुठला आणि शेजारच्या बाईचं कोपर कुठलं, हे त्या पेटीला कळत नाही. कोणीही जवळ आलं की सूर ढळलाच. मी लग्नाची बायको, पण तो वाजवत असताना मलाही खोलीच्या दारातून पुढे यायची परवानगी नाही. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

या पेटीपायी यतीनने केंद्र सरकारची नोकरी वेळेआधी सोडली. त्याच्याइतकं सुरेल थेरेमिन देशात कोणी वाजवत नसेल, असं माझं मत आहे. आणि कामं कसली मिळाली? एका सिरियलमध्ये हडळ यायची, तिचा आवाज म्हणजे यतीन. गुडगावच्या एका लग्नात पनीर टिक्का घेऊन वेटर शेजारून गेला की गाणं मध्येच शिट्टी मारायचं. एका बर्थडे पार्टीत तर पोरं म्हणाली, "अंकल, अब कबूतर निकालो ना!" त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने यमन वाजवला, आणि मी दारात कणकेच्या हातांनी उभी राहून रडले. हा माणूस खरं गाणं वाजवतो, हे फक्त मला ठाऊक होतं.

म्हणून रुचिराचा फोन आला तेव्हा मी घरभर नाचले. रुचिरा मूळची पुण्याची. हिवाळ्यात दिल्लीत होणाऱ्या एका मोठ्या संगीत महोत्सवाचे कलाकार तीच निवडते. तिला यतीनला समोर बसून ऐकायचं होतं, आणि लगेच मिळणारा मंच एकच होता, आमच्या क्लब हाउसमधला गणपती.

"इथेही हसले ना, तर पेटी विकून टाकणार," यतीन म्हणाला. तो कधी धमक्या देत नाही, म्हणजे खरंच विकणार.

त्याच्याजवळ कोणी फिरकू नये, याचा बंदोबस्त मी माझ्याकडे घेतला. दोरी बांधली तर वाईट दिसेल, पाटी लावली तर वाचतंय कोण? मी त्याच्याभोवती ऐसपैस गोल रांगोळी काढली, आत हौसेने कमळंही काढली. मराठी माणूस रांगोळीवर पाय देत नाही, बिल्कुल देत नाही. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

यमन सुरू झाला. पहिल्याच निषादाला हॉल गप्प झाला. रुचिराने मोबाइल पर्समध्ये टाकला. मी विंगेत उभी राहून गणपतीला एकवीस मोदक कबूल केले.

तेवढ्यात पलीकडून गुणवंतराव निघाले. गुणवंतराव आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. हातात शाल आणि नारळ. प्रमुख पाहुण्यांना फ्लाइट गाठायची होती, म्हणून कलाकाराचा सत्कार वाजवणं चालू असतानाच उरकायचा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पाहुणे पायरीशी बूट काढत होते, तोवर हे पुढे. मी जिवाच्या आकांताने हातवारे केले. त्यांनी प्रेमाने मान डोलावली.

नंतर कळलं, एवढी सुंदर रांगोळी काढलीय म्हणजे सत्काराची जागा तीच, असं ते समजले होते. आपल्याकडे रांगोळी माणसांनी यावं म्हणूनच काढतात. माझं डोकं कुठे गेलं होतं! कडेला आल्यावर त्यांनी तिच्यावर पाय मात्र दिला नाही. त्यांनी उडी मारली.

पेटी अशी किंचाळली, की पहिल्या रांगेतल्या आजींनी कानांवर हात ठेवले. सगळा हॉल खो-खो हसायला लागला. रुचिराही हसली. गुणवंतराव दचकून थांबले ते एका पायावर, कारण दुसरा पाय टेकायचा तर खाली कमळ होतं. यतीनचा चेहरा उतरला. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"हलू नका," यतीन हळूच म्हणाला. "गुणवंतराव, प्लीज, आहात तसेच उभे राहा."

त्याने उजवा हात मागे घेतला, पार छातीशी आणला, आणि सूर शोधला. गुणवंतरावांसकट षड्ज लागला! अध्यक्ष जरा डुलले, गंधार डुलला. यतीनने त्याचीच मींड केली आणि अलगद पंचमावर नेऊन ठेवली. अध्यक्ष पुन्हा डुलले, त्याने पुन्हा झेललं. लोक हसता हसता "वा!" म्हणायला लागले, मग वा म्हणायचंही विसरले. मंचावर घामाने निथळणारे, एका पायावर उभे अध्यक्ष आणि त्यांच्याभोवती यमन. माझं पोट हसून दुखत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम.

शेवटचा सूर विरला तसे गुणवंतराव धपकन कमळावर बसले. नारळ गडगडत पाहुण्यांच्या पायाशी गेला. पाहुणे एक बूट घालून टाळ्या वाजवत होते.

रुचिरा मंचाशी आली. ती तोंड उघडायच्या आतच यतीन म्हणाला, "हे असं नेहमी होत नाही. मला एकट्याला ऐका, मग ठरवा. विनोदी आयटम म्हणून मी येणार नाही."

"काका, मी हसले, सॉरी," ती म्हणाली. "पण नंतर मला हसायचं सुचलंच नाही. समारोपाला कोणाला बसवायचं, यावर ऑफिसात महिनाभर भांडणं चालली आहेत. ती मिटली. समारोप तुमचा. एकट्याचा, पूर्ण मैफल."

यतीनचे हात तसेच हवेत राहिले. "चेतना," त्याने मला हाक मारली, "ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. पदर कुठे, चप्पल कुठे, मी रांगोळी तुडवत धावले आणि अख्ख्या सोसायटीसमोर त्याला मिठी मारली. थेरेमिन बेंबीच्या देठापासून ओरडलं.

"अगं, बंद तरी करू दे!"

"ओरडू दे," मी म्हटलं.