कोपराने पाहिलेलं पाणी

काशीच्या पंचगंगा घाटावर आकाशदीपांच्या टोपल्या बांबूंवर चढल्या होत्या, पण खाली उभ्या असलेल्यांपैकी वर कुणी पाहत नव्हतं. सगळ्यांचे डोळे एका काठीच्या टोकाला लागले होते.

काठी शूलहर महाराजांची. बेलाच्या लाकडाची, टोकाला चांदीची टोपी. महाराज बाईमाणसाला हात लावत नसत, म्हणून काठी. समोर बसलेल्या बाईला ते नाव विचारत नसत, गाव विचारत नसत, काय दुखतं हे तर मुळीच विचारत नसत. डोळे मिटायचे, काठी उचलायची आणि टोक नेमकं दाबायचं. मानेच्या मुळाशी. खांद्याच्या वर. कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ. बाई कळवळली की गर्दीतून एक लांब हुंकार उठायचा.

आज समोर लतिकामावशी होत्या, गल्लीतल्याच.

"बोलो मैया, हमने पूछा?"

"नाही महाराज."

"तुमने बताया?"

"नाही."

"तो किसने बताया? काँटे ने बताया. अठारह काँटे हैं. नौ दाहिने, नौ बाएँ. पिछले जनम के. डॉक्टर की मशीन में क्यों नहीं दिखते? क्योंकि मशीन इसी जनम की है."

लोक मान डोलवत. मागच्या जन्मीचं यंत्र कुणाकडे आहे, असं विचारायचं कुणाला सुचत नसे. काठी दाबूनही एखादी बाई गप्प राहिली, तर महाराज हसून म्हणत, "इसका काँटा सोया है. जागेगा." म्हणजे दुखलं तरी महाराज खरे, आणि न दुखलं तरी खरेच.

"और मरद?" मागून कुणीतरी विचारलं.

"मरद को यह शूल नहीं लगता, बेटा. यह औरत के जनम का हिसाब है."

शेजारी वेताच्या छत्रीखाली बसलेल्या नीलकंठशास्त्र्यांनी, म्हणजे ऋताच्या सासऱ्यांनी, हळूच मान हलवली. पिढ्यान्‌पिढ्या घाटावर पौरोहित्य करणारं हे मराठी घर. महाराजांना बसायला चौकी त्यांनीच दिली होती. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत.

ऋता पायऱ्यांवर, बकुळला मांडीवर घेऊन बसली होती. बकुळ चार वर्षांची. तिला मांडीवर घेतलं की ऋताच्या मांड्या ठणकत, आणि खाली ठेवलं की ती पायऱ्यांवरून पाण्याकडे धावेल या भीतीने छाती ठणके. दोन्हींतलं पहिलं बरं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

पुण्याची बी.एस्सी. झालेली मुलगी ती. बकुळ झाल्यानंतर कधीतरी अंग दुखायला लागलं आणि थांबलंच नाही. सकाळी उठताना रात्रभर कुणी कुटून काढल्यासारखं वाटायचं. झोप लागे, पण झोपल्यासारखं वाटत नसे. तपासण्या झाल्या. प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आला. रिपोर्ट नॉर्मल आला की घरात पेढे वाटावेत असा आनंद होई, आणि ऋताला वाटे, आता पुढच्या वेळी सांगायचं काय?

"तुझ्या सासूबाईंनी याच घरात तीन बाळंतपणं काढली," अण्णा म्हणत. "कधी मान दुखते म्हणाल्या नाहीत."

नवरा, निमिष, बँकेत. तो काही म्हणत नसे. गरम पाण्याची पिशवी आणून ठेवे.

लतिकामावशींनी ऋताला महाराजांसमोर बसवलं, तेव्हा काठी थेट कोपरावर आली. कळ मुंग्यांसारखी बोटांपर्यंत गेली. ऋता रडली नाही. आपलं दुखणं खरं आहे असं पहिल्यांदा कुणीतरी मानलं, एवढंच तिच्या मनात आलं. त्या एका गोष्टीसाठी बी.एस्सी. गुंडाळून ठेवायला ती तयार झाली.

महाराजांनी पानाच्या द्रोणात करडी माती दिली. "पाँच नदियों की माटी. सुबह-शाम काँटों पर मलो. डॉक्टर के यहाँ पाँव मत रखना, माटी रूठ जाती है." आणि बकुळकडे पाहून आवाज उतरवला. "काँटा माँ से बेटी में उतरता है. पूर्णिमा को बिटिया को लाना. इसको भी मलेंगे."

ते वाक्य ऋताच्या मानगुटीवर बसलं. त्यानंतर ती बकुळच्या कोपरांकडेच पाहत राहायची. खेळताना मुलीने हात झटकला, तरी विचारायची, "दुखतं का गं?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही गं आई."

माती लावली की थोड्या वेळाने कातडी थंड पडे, मग परक्यासारखी होई. दुखणं गेलेलं नसे. शेजारच्या खोलीत कुणी बोलत राहावं तसं ते आत चालूच असे. पण दार बंद झालं होतं, आणि तेवढ्यावर ऋता समाधानी होती. हळूहळू मनही तसंच झालं. कुणी बोललं तर लागत नसे, कुणी हसवलं तर हसू येत नसे.

काशीतला कार्तिक आपल्या आश्विनातच सुरू होतो, त्यामुळे घाटावर कार्तिकस्नानाची गर्दी, आणि घरात मात्र नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाची तयारी. पहाटे कामं फार. अंग साथ देईना म्हणून ऋताने उठल्याबरोबर दोन्ही हातांना भरपूर माती चोळली. मग बकुळला पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं, आणि बादलीत कढत पाणी ओतलं.

बाळाचं पाणी कोपराने पाहायचं, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. हाताचा तळवा भांड्यांनी निबर होतो, कोपर खोटं बोलत नाही. ऋताने कोपर बादलीत बुडवलं. काही जाणवलं नाही. म्हणजे कोमट आहे.

तिने पहिला तांब्या बकुळच्या पायांवर ओतला.

"आई, भाजतंय."

"नाही गं. आईने पाहिलंय ना."

बकुळने मान डोलावली. आईने पाहिलंय म्हणजे भाजत नसणार. ऋताने दुसरा तांब्या ओतला. मुलीने ओठ दाताखाली धरले आणि पाटाच्या कडा घट्ट पकडल्या.

निमिष औक्षणाचं तबक ठेवायला आला होता. त्याने बकुळचा चेहरा पाहिला, बादलीत बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं.

"ऋता, हे उकळतं आहे."

"मी बघितलं."

"कशाने बघितलं?"

त्याने मुलीला उचलून नळाखाली धरलं. दोन्ही पावलं लाल झाली होती. बकुळ आता रडायला लागली. तिला रडायची परवानगी मिळाल्यासारखं झालं. ऋता भिंतीला टेकून स्वतःच्या कोपराकडे पाहत होती. ते नुसतं तिथे होतं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

चौखंब्याच्या गल्लीत डॉक्टर मुक्तांचा दवाखाना होता. सण असूनही त्यांनी दार उघडलं. बकुळच्या पायांवर मलम लावून, पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, "वेळेवर गार पाण्यात धरलंत, म्हणून थोडक्यात निभावलं. पाणी कसं पाहिलं होतं?"

"कोपराने."

"बघू कोपर."

डॉक्टरांनी कापसाचा बोळा तिच्या कोपरावर फिरवला. मग टाचणीची बोथट बाजू. मग टोक. ऋताला काहीच कळलं नाही. त्यांनी कातडीवरची करडी पुटं नखाने खरवडून वास घेतला.

"काय लावता?"

ऋताने सांगितलं. काठी, अठरा काटे, पाच नद्या, सगळं. तिला वाटलं डॉक्टर हसतील. त्या हसल्या नाहीत. उठून मागे आल्या आणि अंगठ्याने तिच्या मानेच्या मुळाशी दाबलं, नख पांढरं होईपर्यंत. ऋता कळवळली. मग खांद्याच्या वर. मग गुडघ्याच्या आतल्या बाजूला.

"तुम्हाला कसं कळलं?" ऋता म्हणाली.

"महाराजांना कळलं तसंच. याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. पूर्वी आम्ही अंगावरच्या अठरा जागा दाबून हा आजार ओळखायचो. नऊ उजवीकडे, नऊ डावीकडे. आता तसं मोजत बसत नाही, पण त्या जागा ज्याला हा आजार आहे त्याला बहुधा दुखतातच. काशीत दाबा नाहीतर कोल्हापुरात."

"म्हणजे त्याने माझं काही ओळखलं नाही."

"आजार ओळखला असेल. तुम्हाला नाही. आणि ही माती म्हणजे माती अधिक बधिर करणारं औषध, असं मला वाटतंय. टाके घालायच्या आधी लावतात तसलं. कातडी झोपते. आजार जागाच."

"तपासणीत का दिसत नाही?"

"कारण हाडामांसात मोडलेलं काही नसतं. दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणारी यंत्रणाच आवाज वाढवून बसलेली असते. तुमच्या मनाचे खेळ नाहीत हे. पण हा काही जिवावरचा आजारही नाही. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, झोपेची शिस्त, लागलं तर औषध. एका रात्रीत जाणार नाही, हे आत्ताच सांगते."

"हे बायकांनाच होतं ना?"

"बायकांना जास्त आढळतं. पुरुषांनाही होतं. ते फक्त सांगत नाहीत."

पौर्णिमा यायची ऋताने वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती घाटावर गेली. बकुळ निमिषच्या कडेवर, दोन्ही पायांना पट्ट्या. महाराजांनी पट्ट्या पाहिल्या आणि पुढे होऊन म्हणाले, "देखा? काँटा बिटिया में उतर गया."

"काटा नाही उतरला. पाणी उतरलं," ऋता मराठीत म्हणाली. मग गर्दीला कळावं म्हणून हिंदीत. तिचा आवाज सपाट होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "महाराज, ही माती गंगामैयाची आहे ना? मग जराशी जिभेवर ठेवा."

"माटी खाने की चीज़ नहीं, बेटी."

"लोक तीर्थ पितात. तुम्ही चिमूटभर ठेवा, मग थुंका."

महाराज मैयाच्या कोपाविषयी बोलू लागले. ऋताने द्रोणातली माती बोटावर घेऊन स्वतःच्या जिभेला लावली, थोडा वेळ थांबली आणि थुंकली. चूळ भरून बोलू लागली तेव्हा शब्द जड झाले होते. "दाताच्या डॉक्तरकदे गेल्यावर होतं ना, तसं झालंय."

कुणीतरी हसलं. लतिकामावशी पुढे आल्या, संशयाने ओठाला माती लावून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने ओठ चिमटून म्हणाल्या, "अगं बाई, माझा ओठ कुठे गेला?"

"मिट्टी में दवा मिली है," ऋता म्हणाली. "सुन्न करणारी. कोपराला लावलं की कोपर सुन्न, जिभेला लावलं की जीभ. माझं कोपर सुन्न होतं म्हणून माझ्या मुलीचे पाय भाजले."

"और काँटे?" महाराज ओरडले. "बिना पूछे अठारह काँटे किसने बताए?"

"हा आजार असलेल्या सगळ्यांच्या त्या जागा सारख्याच असतात. डॉक्टरांनी काल मला तिथेच दाबलं."

"झूठ. औरत के जनम का शूल है. किसी मरद को लगता हो तो दिखाओ."

  ऋताने निमिषकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. त्याला काहीच दुखत नव्हतं.

छत्रीखालून अण्णा उठले. उठताना नेहमीसारखा गुडघ्यावर हात टेकला. ते चौकीपाशी आले, महाराजांकडे पाठ करून बसले आणि उपरणं खांद्यावरून उतरवलं.

"अण्णा, हे काय?" निमिष म्हणाला.

"ऋता, ती काठी घे. तू दाब. सांगू नकोस कुठे."

ऋताने चौकीला टेकवलेली काठी उचलली.  तिने मानेच्या मुळाशी टोक दाबलं. अण्णांचा श्वास अडकला. खांद्याच्या वर दाबलं. अण्णांनी डोळे मिटले. कोपराजवळ टेकवलं, तशी एवढा दणकट आवाजाचा माणूस, ज्याचे मंत्र पलीकडच्या घाटापर्यंत पोहोचत, बारीकसं कण्हला.

"किती वर्षं?" ऋताने विचारलं.

"निमिषची मुंज झाली तेव्हापासून." ते गर्दीकडे न बघता बोलत होते. "लोक संकल्प सांगायला येतात. त्यांना कसं सांगू, गुरुजींना स्वतःचं आचमनाचं भांडं उचलवत नाही म्हणून? तुला बोललो ते स्वतःलाच बोलत होतो, पोरी."

गर्दी लगेच पांगली नाही. लोकांना चमत्कार लवकर पटतो, फसवणूक उशिरा. पण महाराज काठी मागायलाही थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी चौकी रिकामी होती. ते कधीकाळी कुठल्याशा दवाखान्यात कामाला होते, अशी बातमी नंतर कानावर आली. खरी-खोटी कुणी तपासली नाही. लतिकामावशींनी उरलेला द्रोण अजून ठेवलाय म्हणतात. "फसवं असलं तरी बरं वाटायचं गं," असं त्या म्हणतात, आणि ऋताला त्यांचा राग येत नाही.

कारण बरं वाटावं असं तिलाही वाटत होतं. चूक त्यात नव्हती. आपलं कुठे दुखतं हे ओळखणारा माणूस का दुखतं हेही जाणतो, असं धरून चालणं ही चूक. दुखणाऱ्याने विचारावं: यात काय घातलंय? इतरांनाही इथेच दुखतं का? गुण आला नाही, तरी याचं म्हणणं खरंच ठरणार आहे का? विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे औषध नाही. आणि घरातल्यांनी एवढंच करावं, की रिपोर्ट कोरा आला म्हणून माणसाला खोटं ठरवू नये. घरात कुणी ऐकलं असतं, तर ऋता काठीपुढे बसायला गेली नसती.

आता दवाखान्याच्या बाकावर ऋता आणि अण्णा शेजारी शेजारी बसतात. फार बोलत नाहीत. दुखणं आहे. कधी कमी, कधी पुन्हा तसंच.

बकुळचे पाय बरे झाले त्या सकाळी ऋताने बादली भरली. बकुळ पाटावर बसली, पण पाय पोटाशी घेऊन.

"आई, नीट बघ हं."

ऋताने कोपर पाण्यात घातलं. हाडाजवळ ओळखीची कळ आली. तिच्यामागून, स्पष्ट, पाण्याची ऊब आली.

"दुखतंय का?" बकुळने विचारलं.

"हो," ऋता म्हणाली. "पाणी कोमट आहे. तू पण बोट घालून बघ."

बकुळने बोट घातलं, विचार केला आणि मग पाय पुढे केले.