दोन शब्दांचा दगड

ओवे गावातल्या बोलणाऱ्या दगडापुढे त्या दिवशी दोनशे माणसं हात जोडून बसली होती. मी मागे चिंचेला टेकून उभा होतो. नादानंद महाराज शेंदूर फासलेल्या शिळेजवळ डोळे मिटून बसले होते.

"विचारा," ते म्हणाले. "नाद हाच देव. देवाला जीभ लागत नाही, शिळा पुरते."

एक म्हातारा पुढे सरकला. "म्हाराज, नातवाचं लगीन औंदा करू का?"

"असं नाही विचारायचं. वरात औंदा नेऊ का, असं विचार."

म्हाताऱ्याने तसं विचारलं. शिळा घुमली, "नेऊ नको." आवाज माणसाचाच, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

त्याआधी एकाने बैल बाजारात नेऊ का विचारलं होतं, त्यालाही तेच उत्तर. दगडाला येत होते दोनच शब्द, आणि प्रत्येकाचा प्रश्न त्या मापाने बेतून द्यायचं काम महाराज करत होते. हे माझ्या ध्यानात आलं, पण त्यात हुशारी काही नव्हती. ते दोन शब्द मीच कापले होते.

साल १९६३. पनवेलच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि डोक्यात टेपरेकॉर्डरचं वेड. मिठागरातल्या फावड्याची खरखर, घाण्याची कुरकुर, खाडीवरच्या हाका, जे मिळेल ते फितीवर घ्यायचं. मग दाढीच्या पात्याने फीत कापायची, तुकडे चिकटवायचे, उलटे लावायचे, सावकाश फिरवायचे. याला मी संगीत म्हणत असे. माझी बायको चंद्रावती म्हणे, "गिरणीचा पट्टा तुटला की असाच आवाज येतो."

काशिराम हा ओव्याचा, मिठाची होडी चालवणारा. एकदा तो काठावरून आपल्या माणसाला ओरडला होता, "होडी बाहेर नेऊ नको रं, वारा फिरलाय!" त्यातलं "नेऊ नको" मी कापलं, सावकाश केलं आणि फावड्याच्या खरखरीवर बारा वेळा बसवलं. पुढे माघात काशिरामचीच होडी उलटली आणि तो गेला.

चैत्रात महाराज बंद पडलेला टेपरेकॉर्डर घेऊन दुकानात आले. भजनं ऐकायला लागतो म्हणाले. यंत्र दुरुस्त झाल्यावर तपासायला मी माझी ती फीत लावली. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कमळाकरपंत, हे संगीत नाही, ही साधना आहे. हा आवाज कुणाचा?" मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचं कुणी कौतुक केलं होतं. मी फीत देऊन टाकली, वर चहा पाजला. भुताखेतांवर हसणारा, बुद्धिवादी म्हणवणारा मी.

आणि आता चिंचेखालून मी बघत होतो की काशिरामची बायको सत्यवती पुढे येतेय. खांद्यावर सात वर्षांची मालू, मान टाकलेली. दहा दिवसांचा ताप. डॉक्टर मुश्ताकांनी पोरीला ताबडतोब पनवेलला इस्पितळात आणायला सांगितलं होतं.

"मालूला दवाखान्यात नेऊ का?" तिने विचारलं.

"नेऊ नको," दगड म्हणाला.

तिने शिळेवर डोकं टेकवलं. "मालूचा बा हाय त्यो. तेंचाच आवाज हाय."

मी तिथेच ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही. खरं सांगतो, सगळी गर्दी शहारली तेव्हा मला क्षणभर बरंच वाटलं. माझी फीत इतकी कान देऊन कुणी ऐकली नव्हती. मग मी खाली मान घालून घरी आलो. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

दोन दिवसांनी डॉक्टर दुकानात आले. "पोरगी जाणार, कमळाकर. आई म्हणते, नवरा नको म्हणतो. मेलेल्या माणसाशी मी काय हुज्जत घालू?"

"तो मेलेला माणूस माझ्या पात्याखालचा आहे," मी म्हणालो आणि सगळं ओकलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "चला. पातं घ्या बरोबर."

ओव्यात डॉक्टरांनी शिळेमागचा पडदा ओढला. मागे कर्णा, कर्ण्याला तार, तार शेणाने सारवून झाकलेली, आणि झोपडीतल्या ट्रंकेत बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर. मला वाटलं, झालं. महाराज मात्र शांतपणे म्हणाले, "आत्म्याला वाहन नको? गणपतीला उंदीर, तशी आत्म्याला ही पेटी." लोकांनी माना डोलावल्या. गावच्या दाजी पाटलांनी तर पेटीला कुंकू लावलं.

सत्यवती पोरीला मांडीवर घेऊन शिळेपाशीच बसली होती; मी तिच्यापुढे बसलो. पेटीवर कोरी फीत चढवून दुकानातून आणलेला माइक तिच्यासमोर धरला. "वहिनी, पोरीबद्दल काही बोला."

"काय बोलू? निपचित पडलीय. काल शिरा मागत होती, आज पानी बी मागत नाय."

मी फीत ओढली, सगळ्यांसमोर. "काल"मधला "ल" नखाएवढा, तो कापून टाकला. "मागत"चा "म" तेवढा ठेवला, बाकी काढलं. टोकं चिकटवली आणि पेटी लावली. सत्यवतीच्या आवाजात पेटी स्वच्छ म्हणाली, "काशिराम."

ओव्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नाच्या उखाण्यात एकदा घेते, तेवढंच. सत्यवतीने तोंडावर हात ठेवला.

"मी नाव घेतलं नाय," ती म्हणाली. "तुमी समदी हितं होता. मी घेतलं का?"

"नाय घेतलं," दाजी पाटील हळूच म्हणाले.

"मंग मालूच्या बानं बी दवाखान्याचं कायी म्हटलं नाय?"

"नाही," मी म्हणालो. "ते होडीबद्दल बोलले होते. त्यांचे शब्द मी कापले."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरीला उचललं आणि डॉक्टरांच्या मोटारीत जाऊन बसली. महाराज गडबडीत निघून गेले, पेटी तिथेच राहिली; माझी फीत तेवढी मी परत आणली.

लोकहो, ओळखीचा आवाज आला म्हणून ते माणूस बोलतंय असं मानू नका. बोलणारं तोंड कुठे आहे ते आधी विचारा. उत्तर दोन शब्दांचं मिळालं तर बाकीचे शब्द कुणी काढले तेही विचारा. आणि पोर तापली असेल तर हे सगळं मागाहून विचारा, आधी डॉक्टर गाठा.

मालू वाचली. महिन्याभराने सत्यवती दुकानात आली आणि पायरीवरच बसली.

"तुमच्याकडं मालूच्या बाचं बोलनं हाय ना? आख्खं लावा. होडीचं, वाऱ्याचं. तिला ऐकवायचंय, बा कसा बोलायचा ते."

होडी आणि वारा मी पावसाळ्याआधीच केरात झाडून टाकले होते. मला नको असलेले तुकडे होते ते. ठेवले होते ते दोनच शब्द.

मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तेवडंच लावा मंग," आणि मी लावलं.