पाहुण्यांच्या बँडकडे पाठ

आमच्या ब्रॅनफील्डमध्ये माणसाची किंमत दोन गोष्टींवरून ठरते: शाळेत असताना तो फुटबॉलच्या संघात कुठल्या जागी खेळला, आणि खेळला नसेल तर का खेळला नाही. मी दुसऱ्या गटातला. सरावाच्या पहिल्याच आठवड्यात आमचाच एक दांडगा गडी माझ्या अंगावर पडला, आणि तो उठला तेव्हा माझी कारकीर्द संपलेली होती. पण मी मैदान सोडलं नाही. गेली कित्येक वर्षं मी शाळेच्या सामन्यात साखळी धरतो.

साखळी धरणं म्हणजे पोरखेळ नव्हे. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात; तो दहा यार्ड पुढे सरकला की नाही याची शंका आली की पंच हात करतो, आणि आम्ही दहा यार्डांच्या साखळीची दोन टोकं घेऊन मोजायला मैदानात धावतो. त्या अर्ध्या मिनिटात अख्खं गाव श्वास रोखून माझ्याकडे बघत असतं. एरवी आठवडाभर मी लोकांच्या तळघरात शिरून घर गरम ठेवणारे फर्नेस दुरुस्त करतो. तिथे माझ्याकडे बघतं ते फक्त त्यांचं मांजर.

साखळीवाल्यांना एकच नियम आहे. अंगावर नारिंगी जाकीट असेपर्यंत ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, कुणाची बाजू घ्यायची नाही. हे मला जड जातं, कारण ओढ्यापलीकडच्या लिंडेलचा मी मनापासून द्वेष करतो. का, ते विचारू नका. त्यांचे बाप-आजे आमच्यासारखेच पोलादाच्या कारखान्यात राबले, आणि त्यांच्या चर्चमधल्या बायका पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, आमच्यापेक्षा बऱ्या करतात. हे मी घरात कबूल करतो, बाहेर नाही.

शिवाय या वैराच्या इतिहासात माझं स्वतःचं योगदान आहे. सामन्याच्या मध्यंतरात पाहुण्या शाळेचा बँड मैदानात येतो आणि रिवाजाप्रमाणे यजमानांच्या स्टँडकडे तोंड करून वाजवतो. ऐन तारुण्यात एकदा लिंडेलचा बँड वाजायला लागला आणि मी उठून त्यांच्याकडे चक्क पाठ करून उभा राहिलो. खरं म्हणजे मला मागच्या रांगेतल्या रोझॅनशी बोलायचं होतं. पण लोकांना तो निषेध वाटला. शेजारचे उठले, त्यांच्या शेजारचे उठले, बघता बघता सगळं स्टँड पाठ फिरवून उभं. तेव्हापासून लिंडेलचा बँड आला की दर वेळी हेच होतं. रोझॅन माझी बायको झाली आणि ती पाठ गावाची परंपरा झाली. मी कधी खुलासा केला नाही. फुकटचं मोठेपण कोण परत करतो?

तर अशा माणसाच्या पोटी डेला जन्माला आली आणि तिने ट्रंपेट हातात घेतली.

आमच्या शाळेतले संगीताचे मास्तर निवृत्त झाले तेव्हा गावाची बैठक भरली. नवा संगीतशिक्षक घ्यायचा की संघाला आणखी एक प्रशिक्षक? प्रशिक्षकासाठी जे हात वर गेले त्यात माझाही होता, आणि बऱ्यापैकी उंच होता. डेला तेव्हा लहान होती. मला वाटलं, ही पिपाणी वयाबरोबर सुटेल. पिपाणी सुटली नाही. सुटला तो शाळेचा बँड, आणि आता आमचं विजयगीत भोंग्यावरून वाजतं, खरखर आवाजात.

या वसंतात एके दिवशी डेलाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज ठेवला. "डॅड, सही कर."

मी वाचलं. "लिंडेल?"

"शेजारची शाळा तीच आहे. बाहेरची मुलं घेतात ते."

"तुला माहीत आहे त्यांचा रंग निळा आहे?"

"आकाशाचाही निळा आहे. त्याच्याशी भांडलास का कधी?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात शाळा बदलणं हे पाप नाही. आमच्याच गावच्या हर्शबर्गरने मुलाला लिंडेलच्या संघात खेळवायला (संघात तिथे राहणाराच लागतो) तिथल्या न्हाव्याच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि सगळं बिऱ्हाड हलवलं. लोक चिडले, पण कौतुकानेच. "बाप असावा तर असा," म्हणाले. तिकडून इकडेही दोघं-तिघं आले, त्यांच्यासाठी आम्ही केक कापले. पण ट्रंपेटसाठी ओढा ओलांडणारं पोर आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

रोझॅन सिंककडे तोंड करून भांडी घासत होती. ती म्हणाली, "एल्डन, सही नको असेल तर नको करूस. ती तळघरात वाजवेल, रोज तीन तास. तू खाली जाऊन बस तिच्याबरोबर."

मी सही केली.

शाळेची बस काही ओढा ओलांडत नाही, त्यामुळे शरद ऋतूपासून रोज सकाळी डेलाला मीच सोडू लागलो. साखळीच्या दुसऱ्या टोकाला असतो तो मार्व, माझा जुना मित्र. त्याने मला पुलावर पाहिलं.

"रोज सकाळी तिकडे कुठे जातोस रे?"

"दंतवैद्याकडे. डेलाच्या दातांचं काम चाललंय."

"रोज?"

"दात बरेच आहेत तिला."

मार्वने विश्वास ठेवला असं मी मानून चाललो. माझी सगळी शूरपणाची मजल एवढीच.

मग लिंडेलविरुद्धच्या सामन्याचा आठवडा आला, आमच्याच मैदानावरचा. गाडीत डेला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मध्यंतरात एक संथ धून आहे. सुरुवात मी एकटीने वाजवायची आहे. पुढे येऊन, तुमच्या स्टँडसमोर."

"अरे वा!"

"तू पाठ फिरवणार का?"

"मी साखळीवर असतो, बेटा. जाकीट घातलं की मी कुणाचाच नसतो."

"मी ते विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

मी चार दिवस विचार केला आणि माझ्या योग्यतेला साजेसा उपाय काढला: मध्यंतरभर शौचालयात बसायचं. म्हणजे पाठही नाही आणि तोंडही नाही. रोझॅन मात्र सामन्याच्या दिवशी निळी टोपी घालून सरळ पाहुण्यांच्या बाजूला जाऊन बसली, सगळ्यांच्या देखत, तिथून मला हात करत. मी साखळीत फार गुंतल्यासारखं केलं.

मध्यंतर झालं. मी जाकीट सांभाळत, हॉट डॉग घेऊन शौचालयाकडे निघालो, तर तिथे ही लांब रांग. माझ्यासारखा विचार आणखी कुणी केला असेल असं नाही, त्यांना खरंच जायचं होतं. आणि तेवढ्यात मागून ढोल वाजला. आमच्या स्टँडमधले शेकडो लोक एकदम उठले आणि वळले. मी स्टँडच्या पायथ्याशी कठड्याजवळ पोचलो तेव्हा वर बघितलं तर नुसत्या पाठी. तांबडी जाकिटं, तांबड्या टोप्या, एकही चेहरा नाही. इतक्या वर्षांत मी स्वतः त्या पाठींमध्ये असायचो किंवा मैदानापलीकडे असायचो. समोरून, इतक्या जवळून त्या कशा दिसतात हे मला ठाऊकच नव्हतं.

डेला पुढे आली. ती एवढी लहान आहे हे घरात लक्षात येत नाही. डोक्यावर ती उंच तुऱ्याची टोपी, आणि समोर पाठींची भिंत. तिने ट्रंपेट ओठाला लावली आणि तिचा पहिलाच सूर कापला. दुसराही. ही भिंत मी बांधली होती, एका मुलीशी दोन गोड शब्द बोलण्यासाठी, आणि आता तिच्याच लेकीचा श्वास त्या भिंतीपुढे तुटत होता. मला माझी एवढी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं.

मग ध्यानात आलं की मला कुणी बघतच नाहीये. सगळ्यांच्या पाठी. मी डेलाकडे तोंड करून उभा राहिलो काय किंवा डोक्यावर उभा राहिलो काय, गावाला पत्ता लागणार नव्हता. तेव्हा मी मोठ्या धैर्याने उभा राहिलो. धून हळूहळू वर चढली, जरा सावरली, आणि थांबली. बँडही गप्प. सगळं मैदान गप्प.

संपलं, मला वाटलं. माझ्या पोरीने एवढं वाजवलं आणि या बाजूने एक टाळी नाही. हॉट डॉग हातातून कधी पडला कळलं नाही. मी टाळ्या वाजवायला लागलो, फर्नेसच्या पाइपावर हातोडा मारावा तशा. मग तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. मग "डेला!" म्हणून ओरडलो. नारिंगी जाकिटासकट.

कोण हा हलकट, हे बघायला सगळं स्टँड वळलं.

"एल्डन!" मार्व पळत येत म्हणाला. "जाकीट! अरे, जाकीट आहे अंगावर!"

"माझी पोरगी आहे ती!"

मार्वने मैदानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे हा दंतवैद्य होय!"

आणि तेवढ्यात ट्रंपेट पुन्हा सुरू झाली. संपलं नव्हतंच. सूर असा वर गेला की मार्वचं तोंड उघडंच राहिलं. मागून सगळा बँड वाजू लागला. मी मागे पाहिलं. सगळे चेहरे इकडे होते. मला शिव्या घालायला म्हणून वळले होते, पण पुन्हा पाठ फिरवायची तर कुणीतरी पहिल्यांदा फिरवायला हवी, आणि त्या सुरापुढे ते कुणाला जमेना. काहीजण खालीही बसले. शेवटी टाळ्या पडल्या नाहीत, एवढी अपेक्षा कुणी करू नये. पण अख्ख्या ब्रॅनफील्डने लिंडेलचा बँड शेवटपर्यंत ऐकला.

उत्तरार्ध सुरू व्हायच्या आधी शाळेच्या खेळविभागाचे प्रमुख माझ्याकडे आले आणि नुसता हात पुढे केला. मी जाकीट काढून दिलं. आमच्या बाजूला बसायची सोय राहिली नव्हती, म्हणून मी पलीकडे जाऊन रोझॅनशेजारी बसलो. तिने निळी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. तिला चांगलं ठाऊक होतं की टोपी मला लहान होते. सामन्याचा निकाल मी सांगणार नाही, आम्ही हरलो.

सामना संपल्यावर लिंडेलच्या बसजवळ डेला भेटली. तुऱ्याची टोपी काखेत, नाक थंडीने लाल.

"डॅड, तो विराम होता."

"कसला?"

"धून संपली नव्हती. मधे सगळे थांबतात, मग मी एकटी पुन्हा सुरू करते. तू त्यात टाळ्या वाजवल्यास. आमचा सगळा बँड हसतोय तुला."

"हसू दे. मला काय कळतं त्यातलं?"

"काही कळत नाही." तिने ट्रंपेटची पेटी माझ्या हातात दिली आणि हात तोंडाशी नेऊन ऊब घेतली. "मी पुढचं वाजवणार नव्हते. त्या पाठी बघून ओठच हलेनात. बँडचे सर खूण करत होते आणि मी त्यांना मान हलवून नाही म्हटलं होतं. ट्रंपेट खाली घेणारच होते."

मी पेटी या हातातून त्या हातात घेतली. "मग?"

"मग एक वेडा टाळ्या पिटायला लागला," डेला म्हणाली. "अजून संपलं नाहीये हे त्याला कळावं म्हणून मला वाजवावंच लागलं."