मानेवरचा मळ

मी काथ्याची घासणी बोलतेय. जरा दबकूनच बोलतेय, कारण न्हाणीच्या दाराची कडी वाजली तरी माझं अंग शहारतं.

माझा जन्म घाणीतला. आचऱ्याच्या खाडीकाठी चिखलात नारळाची सोडणं, वरची जाड सालं, कुजत घालतात. त्या कुबट वासातून मला उपसलं, बडवलं, वळलं. घाण म्हणजे काय, ते मला शिकवू नका.

शर्मिलाने मला आणलं भांड्यांसाठी. लागले मात्र तिच्या लेकीच्या मानेला. सृष्टी अकरा वर्षांची, अंगाने चांगलीच भरलेली. मानेवर काळा, जाडसर पट्टा.

"कोळसो फासलंस काय गो मानेक? शाळेत पोरां नाकाक रुमाल लावतत!"

"आई, दुखता गो!"

"दुखांदे. मळ हा तो."

मळ कसला? मळ सुटतो. इथे सुटत होती साल, आणि मागोमाग रक्त. ते माझ्या धाग्यांत वाळायचं. शिसारी यायची मला, माझी स्वतःची आणि त्या हाताचीही. घासून झालं की तोच हात पोरीला गप्प करायला रंगीत सरबताची बाटली द्यायचा! चिकट थेंब माझ्यावर, वर मुंग्या. शी!

मान पिकली तेव्हा दवाखाना. शर्मिलाने मलाही पिशवीतून नेलं आणि टेबलावर आपटलं. "बाई, रोज ह्या काथ्यान घासतंय. माजा चेडू घाणेरडा नाय."

डॉक्टरीणबाईंनी मला दोन बोटांनी बाजूला सारलं. "हा मळ नाही हो. साखर पेशींत शिरायला इन्सुलिन लागतं. हिचं शरीर त्याला दाद देत नाही, म्हणून ते जास्तच तयार होतं. त्याची ही खूण. रक्त तपासू. आत्ताच सांभाळलं तर मधुमेह टळू शकतो. बाटल्या बंद, खेळणं सुरू. आणि घासणं आजपासून बंद." मग थबकून म्हणाल्या, "तुमची मान बघू?"

शर्मिलाने ओढणी घट्ट ओढली. "माजी नको. उन्हान काळी झाली ती."

घरी बाटल्या बंद झाल्या. मी खिळ्यावर टांगलेली. वाटलं, सुटले.

आज सकाळी कडी लागली. शर्मिलाने केस वर बांधले, मला उचललं. तिच्या मानेवरही तोच पट्टा! लेकीला घासायची त्याहून जोराने ती स्वतःला घासू लागली.

दारावर थाप. मी केवढी दचकले!

"आई, तो आवाज माका म्हायत आसा." कडी निघाली. फटीतून गुबगुबीत हात आत आला. "दी ती हकडे. उद्या आपण दोगां जावया डॉक्टरणीकडे."

शर्मिलाने मला मानेवरून खाली घेतलं. मग मी त्या हातात पडले.

आता पाणी तापवायच्या भाणाखालच्या चुलीपाशी आहे. काथ्या झटकन पेटतो. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण टाक, पोरी. तुम्हा दोघींचं आंघोळीचं पाणी आज माझ्यावर तापू दे.