पुडीवरचा चेहरा

चार दिवस झाले, प्रभुलिंगानं मोरीतला आरसा सोडला नव्हता. चौतिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, आणि गालाला दही काय चोपडतोय, मान तिरकी करून हसून काय बघतोय, किती दात दिसले की बरं दिसतं ते मोजतोय काय! बघून बघून त्याच्या आईच्या, जगदेवीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी या पोरानं नखंसुद्धा कापली नव्हती. ती तिनंच कापली होती, धरून बसवून.

"शूट आहे अव्वा, शनिवारी," तो आरशातूनच बोलायचा. "पर्सनल ब्रँडिंगचं. आता लोक चटणी घेत नाहीत. चटणीमागचा माणूस घेतात."

"माणूस घेत्यात व्हय? मग तुला कसं देऊ रं, किलोवर का नगावर?"

सून चंद्रिका शहाणी. शूटिंगचं नाव निघाल्याबरोबर दोन्ही लेकरं घेऊन अक्कलकोटला माहेरी निघून गेली.

बाळीवेशीतल्या या घराच्या मागच्या अंगणात जगदेवी एकतीस वर्षं शेंगाची चटणी कुटत होती. नवरा गेला तेव्हा प्रभुलिंग तीन वर्षांचा. शाळा म्हणाल तर तिची दुसरीपर्यंत, त्यातही निम्मी शेळ्यांमागं गेलेली. दाराला पाटी नव्हती, पुडीवर चित्र नव्हतं. गिऱ्हाईक "जगदेवीबाईची द्या" म्हणायचं आणि काम भागायचं. बार्शीच्या आणि मोहोळच्या एसटीचे कंडक्टर तिची पुडी डब्यात घेऊन फिरायचे. प्रभुलिंग चिंचोळीच्या कारखान्यात आठ वर्षं होता. दिवाळीला ती नोकरी सोडली, पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला गेला आणि फाउंडर होऊन परत आला.

त्या शब्दाचा अर्थ जगदेवीनं अंबुबाईच्या कॉलेजातल्या लेकीला विचारला. अंबुबाई जगदेवीच्या हाताखाली बारा वर्षं कुटायला होती.

"ज्यानं धंदा पहिल्यांदा सुरू केला तो," लेक म्हणाली.

"तवा ह्यो माझ्या कडंवर मुतत हुता की!"

तरीपण शुक्रवारी दुपारी तिनं पेटीतून हिरवं इरकल लुगडं काढलं. वास जावा म्हणून उन्हात टाकलंय, असं अंबुबाईला सांगितलं. अंबुबाईनं मान डोलावली आणि हसू पदरात लपवलं. चटणीमागच्या माणसाचा फोटो निघणार, तर चटणीमागं या घरात दुसरं होतं कोण? जगदेवीनं ते तोंडानं बोलून दाखवलं नाही. तोंडानं बोलायची गोष्टच नव्हती ती. संध्याकाळी ती मठात जाऊन आली, येताना गजरा आणला आणि मग त्याची लाज वाटून तो देवापुढं ठेवला.

शनिवारी सकाळी अंघोळ झाली, लिंगपूजा झाली. कपाळाला विभूती ओढून, इरकल नेसून ती मागच्या अंगणात आली आणि उंबऱ्यातच थांबली.

उखळ पांढरं पडलं होतं.

सासूच्या हातचं ते दगडी उखळ. शेंगांचं तेल पिऊन पिऊन असं काळं झालेलं, की आत बोट फिरवलं तर बोटाला चकाकी यायची. त्याला पाणी दाखवायचं नाही, हा या घराचा नेम होता. कुटणं संपलं की कोरड्या फडक्यानं पुसायचं. सकाळी पहिल्यांदा मूठभर जाडं मीठ कुटून फेकून द्यायचं, मग माल घालायचा. सासूनं मरताना दागिन्यांचं काही सांगितलं नाही, पण उखळाला पाणी लावू नका, हे मात्र सांगितलं होतं. आणि आता ते चितेच्या राखेसारखं दिसत होतं.

"मी हात लावला न्हाय हो बाई," अंबुबाई भिंतीशी उभी होती. "काल तुमी मठात गेलासा, तवा धाकल्या मालकानं सोता घासलं. तारंच्या घासणीनं. कपड्याच्या पावडरचा अख्खा पुडा वतला. फोटुत काळं घान दिसतंय म्हनं."

जगदेवी वाकली. नाक आत घातलं. मोगऱ्याचा वास आला, पावडरच्या पुड्याला येतो तो. ती सरळ झाली. अंबुबाईनं बारा वर्षांत तिच्या शिव्या पुष्कळ ऐकल्या होत्या, पण हे गप्प बसणं पहिल्यांदाच बघितलं. ती आणखी दोन पावलं मागं सरकली.

तेवढ्यात फोटोवाली आली. सोनाली तिचं नाव. दिवे, पांढरी छत्री, गळ्यात कॅमेरा. तिच्या मागून प्रभुलिंग. आभाळी रंगाचा कोट, आत बनियनसारखं काहीतरी, आणि केस असे चोपडलेले की माशी बसली तर घसरावी.

आईला बघून तो थबकला. "अव्वा, हे काय नेसलीस?"

"का? फोटू हाय न्हवं?"

"फोटो माझा आहे. तुझे फक्त हात घ्यायचेत, मुसळावर. ट्रॅडिशन दिसलं पाहिजे म्हणून. जुनं पातळ नेसून ये, कोपरापर्यंतच येणार आहेस."

"आन् डोस्कं?"

"डोकं फ्रेमच्या बाहेर."

सोनालीनं कॅमेऱ्याचा पट्टा उगाचच नीट केला. "काकूंचा एक घेऊ या की. मस्त येईल."

"नको. दोन चेहरे झाले की ब्रँड फुटतो. शिबिरात सांगितलंय."

जगदेवीनं पदर खांद्यावर ओढून घेतला. विभूतीखालची कपाळाची शीर तेवढी उडत होती.

"मग हात तरी उसनं कशाला?" ती म्हणाली. "फाउंडर हाईस न्हवं तू? घे मुसळ. कूट."

"ते पण चालेल," प्रभुलिंग खूश झाला. "ॲक्शन शॉट होईल."

"पर बाई, उखळ..." अंबुबाईनं तोंड उघडलं. जगदेवीनं नुसतं बघितलं. अंबुबाईनं ते मिटलं.

भाजलेल्या शेंगा तिनं स्वतः ओंजळीनं मापून घातल्या. लसूण, जिरं, तिखट, मीठ. कशात हात आखडला नाही. "बघून घे पोरी," ती सोनालीला म्हणाली. "माल माझा चोख हाय. मागनं कुणी म्हणू नये."

प्रभुलिंग कुटायला लागला. मुसळ कधी दाण्यावर पडायचं, कधी दगडावर. दाणे उडून कोटाच्या खिशात गेले. वीस घावांत त्याला घाम फुटला. सोनाली बसून, वाकून, स्टुलावर चढून फोटो घेत होती. आतल्या चटणीला तेल सुटेना. फिक्या लगद्यासारखी ती दगडाला धरून बसली होती.

"आता चाखताना एक," सोनाली म्हणाली. "डोळे मिटून."

त्यानं बोटावर घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि आरशात मोजले होते तेवढेच दात दाखवले. "आहाहा! अगदी आईच्या हातची."

"खरं बोलतूयास का फोटूपुरतं?"

"खरंच अव्वा. तीच चव."

"परत घे. नीट चावून खा."

त्यानं चांगली मोठी बोटभर घेतली. चावली. गिळली. "सेम टू सेम."

जगदेवीनं चमच्याच्या टोकावर थोडी काढून सोनालीपुढं धरली. पोरीनं तोंडात टाकली, दोनदा चावली आणि तिचा जबडा जागेवर थांबला. मग ती तोंडावर हात दाबून मोरीकडं पळाली. चुळांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"काकू," ती ओल्या तोंडानं परत आली, "यात साबण आहे?"

प्रभुलिंगानं आईकडं बघितलं, उखळाकडं बघितलं. त्याला उमगलं ते त्याच्या मानेवर लाल होऊन चढलं. "मला सर्दी आहे," तो म्हणाला. मग चिडला. "आणि फोटोत काय चव येते का? लोकांना काय कळणारे!"

जगदेवीनं त्याच्या हातातलं मुसळ काढून घेतलं. दाणा उडून त्याच्या केसांत अडकला होता, तो काढला नाही.

"प्रभ्या, ऐक. सासूचं उखळ तू धुतलंस. त्ये मी परत तेलावर आणीन. वरीस लागंल, तर लागू दे, तवर पुड्या बंद ऱ्हातील. पर ज्याच्या जिबंला साबण कळंना, त्याचं थोबाड माझ्या पुडीवर लागणार न्हाय. मी मेल्यावर बी न्हाय."