खुलासा, पान नऊ

आमच्या दैनिकात चूक झाली की ती माझ्या टेबलावर यायची, आणि माझ्या टेबलावरून गेली की चूक झाली होती की नव्हती हेच कुणाला कळायचं नाही. अकरा वर्षं मी खुलासे लिहिले. ऑफिसात मला 'मलमपट्टी' म्हणायचे. मला राग यायचा नाही. नवीन माणसाला ओळख करून देताना मी स्वतःच ते नाव सांगायचो, इतका मी कोडगा झालो होतो.

खुलाशाचे नियमही मीच बसवले होते. मूळ चूक पुन्हा छापायची नाही, कारण ज्यांनी वाचली नाही तेही मग वाचतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव घालायचं नाही, उगाच त्याची आणखी बदनामी नको. जागा पान नऊ, हवामानाच्या खाली, जिथवर फक्त निवृत्त माणसं पोचतात. संपादकांना हे इतकं आवडलं की त्यांनी नियम टाइप करून घेतले आणि आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवले. "वकील खूश, मालक खूश, आपण खूश," असं ते म्हणायचे. वाचकाचं नाव या यादीत नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, आलं होतं.

एका बुधवारी सकाळी ताईचा फोन आला. "तुझ्या पेपरात ह्यांचा फोटो आलाय. पान तीन. बघितलास?"

मी पान तीन उघडलं. बातमी होती दारू पिऊन शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ड्रायव्हरला अटक झाल्याची. तो ड्रायव्हर शहराच्या दुसऱ्या टोकाचा, पंचविशीतला. फोटो माझ्या भाऊजींचा. भाऊजी एकोणीस वर्षं शाळेची व्हॅन चालवतात, आणि दारू सोडा, खोकल्याचं औषधसुद्धा ते सुटीच्या दिवशीच घेतात.

हे कसं झालं ते मला लगेच कळलं, कारण आमच्याकडे असंच व्हायचं. खऱ्या माणसाचा फोटो हाती लागला नाही की जुन्या फोटोंच्या साठ्यात शोधायचं आणि जो सापडेल तो लावायचा. कुणीतरी 'शाळा, व्हॅन, ड्रायव्हर' असं टाइप केलं आणि भाऊजी निघाले. तीन वर्षांपूर्वी आमच्याच दैनिकाने त्यांना 'सुरक्षित चालक' म्हणून गौरवलं होतं, तेव्हाचा फोटो. हातातलं प्रमाणपत्र तेवढं कापलं होतं. जागा नव्हती म्हणे. 'संग्रहित छायाचित्र' हे दोन शब्दही त्याच कारणाने गेले.

दुपारपर्यंत शाळेत पालकांच्या फोनची रीघ लागली. मुख्याध्यापिका बाई वाईट नव्हत्या. त्या भाऊजींना म्हणाल्या, "तो माणूस तुम्ही नाही हे मला माहीत आहे हो. पण पालकांना मी काय दाखवू? शुक्रवारपर्यंत पेपरवाल्यांकडून काहीतरी स्पष्ट येऊ दे, नाहीतर सोमवारपासून मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

भाऊजींनी हे मला अगदी शांतपणे सांगितलं. वर म्हणाले, "पण ते तूच लिहितोस ना? मग काळजीच मिटली."

मी लिहिलं. भाऊजींचं नाव, त्यांचा पूर्ण फोटो प्रमाणपत्रासकट, चूक कुणाची आणि कशी झाली ते सगळं, आणि वर सूचना केली की पान तीनवरच घ्या. संपादकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"अरे, यात तर सगळंच आहे."

"साहेब, माणसाची नोकरी जातेय."

"कोण लागतो तुझा?"

"मोठ्या बहिणीचे यजमान."

"बघ! म्हणजे घरच्यांना एक न्याय आणि बाहेरच्यांना दुसरा? पत्रकारितेत नैतिकता म्हणून काही आहे की नाही?" असं म्हणून त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "हे कुणी लिहिलंय?"

"मीच."

"मग?"

जागेवर जाऊन मी नियमाप्रमाणे खुलासा लिहिला. चार मिनिटं लागली. आणि सांगायला लाज वाटते, पण तो फार सुबक उतरला. शुक्रवारी पान नऊवर आला तो असा: 'बुधवारच्या अंकातील एका वृत्तासोबतच्या छायाचित्राबाबत काही वाचकांचा गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी याची नोंद घ्यावी.'

सकाळीच ताईकडे गेलो. भाऊजींनी पेपर जमिनीवर पसरला होता आणि गुडघ्यांवर बसून ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत शोधत होते.

"आज आलं नाही की रे," ते म्हणाले. "राहून गेलं वाटतं."

मी ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"हे मघाशी वाचलं मी. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती पेपरची घडी घातली. चिडली ती ताई. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अकरा वर्षं तू हेच लिहितोस? आणि आम्ही चारचौघांत सांगतो, भाऊ पेपरात मोठ्या हुद्द्यावर आहे!"

मी तिथून तडक ऑफिसात गेलो. दैनिकाच्या नावाचा छापील कागद घेतला आणि हाताने लिहिलं: बुधवारी छापलेला फोटो चुकीचा आहे, हा माणूस निर्दोष आहे, याचं नाव हे, चूक पूर्णपणे आमची. खाली सही केली, शिक्का मारला आणि शाळा सुटायच्या आत बाईंच्या हातात दिलं. त्यांनी लगेच प्रती काढल्या. एक फाटकावर डकवली, बाकीच्या पालकांना वाटल्या.

सोमवारी भाऊजी व्हॅन घेऊन निघाले. चौदा मुलांपैकी नऊ मुलं आली. बाकी पाचांच्या घरच्यांनी फोटोही पाहिला होता आणि पत्रही, त्यांना फोटो जास्त पटला.

त्यातल्याच एका पालकाने पत्र मोबाइलवर फिरवलं आणि ते संध्याकाळच्या आत संपादकांपर्यंत पोचलं. "ऑफिसचा कागद कुणाला विचारून वापरलास?" एवढंच त्यांनी विचारलं. पत्रात खोटं काय आहे, हे काही विचारलं नाही.

बुधवारी पान तीनवर चौकट आली. माझा फोटो, माझं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, आणि खाली ठळक अक्षरात: या व्यक्तीचा आमच्या दैनिकाशी कोणताही संबंध उरलेला नाही. शुद्धलेखन चोख होतं. फोटोही माझाच होता. मनात आणलं की आमच्या लोकांना सगळं जमतं.

दोन दिवसांनी दार वाजलं. बाहेर साठीचे एक गृहस्थ उभे होते, हातात ती चौकट कापून आणलेली.

"हे तुम्हीच ना? माझं औषधांचं दुकान होतं," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी शेजारच्या दुकानात मुदत संपलेली औषधं सापडली. तुमच्या फोटोत पाटी माझी आली. पुढे खुलासा छापला होता म्हणतात, पण गिऱ्हाईक काही परत आलं नाही. त्या व्हॅनवाल्यांना दिलंत तसं पत्र मलाही द्या."

"मी आता तिथे नाही, काका. माझ्या सहीला काय किंमत?"

"नाही म्हणून तर आलो. आता तरी खरं लिहाल."

मी त्यांना आत बसवलं. ऑफिसातून निघताना मी माझ्या सगळ्या खुलाशांच्या कात्रणांची फाइल घरी आणली होती. चार वर्षांपूर्वीची पानं उघडली. 'एका वृत्तातील तपशिलाबाबत.' 'संबंधित व्यक्तीविषयी.' 'अनवधानाने.' 'काही वाचकांचा गैरसमज.' त्या वर्षाचे त्रेसष्ट निघाले. मी पहिल्यापासून वाचत गेलो, मग उलटा वाचत आलो. त्यात औषधवाला नव्हता, दुकान नव्हतं, कुणीच नव्हतं.

त्यांनी चष्मा लावला, फाइल मांडीवर घेतली आणि ओळीवर बोट ठेवून हळूहळू एकेक वाचू लागले. दोन-तीन ठिकाणी थांबले. शेवटी फाइल माझ्यापुढे सरकवली.

"यातला माझा कोणता?" त्यांनी विचारलं.