लिफ्टचे चाळीस सेकंद

मी एक ध्वनिफाईल बोलतेय. वय चार महिने, लांबी चाळीस सेकंद. गाणं नाही, भाषण नाही. माझ्यात फक्त एका रुग्णालयाच्या लिफ्टचा आवाज आहे. पण त्या आवाजाने काय केलं, ते ऐकाच.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाईने मला जन्म दिला. सहाव्या मजल्यावरच्या यंत्रखोलीत, लिफ्टचा दोर ओढणाऱ्या चाकाजवळ माईक धरून. तिला काहीतरी खटकत होतं, पण मोटारीच्या घरघरीत नेमकं सापडेना. खालून रुग्णालयाचे व्यवस्थापक फोनवर घाई करत होते. "मॅडम, पेशंट खोळंबलेत. चालू ठेवू ना?"

"दहा मिनिटं द्या. बाबांना विचारते."

तिचे बाबा याच धंद्यात मुरलेले. गुडघे गेले म्हणून घरी बसलेले. त्यांच्याकडे नेटवर्क यथातथाच, म्हणून तिने लॅपटॉपवर माझी छोटी प्रत काढली. बिटरेट, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक सेकंदाला मिळणारी जागा, सर्वांत कमी निवडला, सोळा. मी मात्र आहे तशीच राहिले. प्रत एवढीशी झाली आणि झटकन पोचली.

लगेच फोन आला. "अगं, ही काय पाण्याखालची लिफ्ट आहे का? काय निवडलंस?"

तिने सांगितलं.

"वरचे बारीक आवाज सगळे छाटलेस की! बिघाड तिथंच बोलतो. आणि हे बघ, अगदी मोठीही नको, इथं उतरणार नाही."

आता तिने घाई केली नाही. एकच माईक होता, म्हणून मोनो, म्हणजे एकाच वाटेचा आवाज ठेवला. सॅम्पलिंग, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, मूळचंच राहू दिलं. बिटरेट बदलता ठेवला, म्हणजे आवाज गुंतागुंतीचा असेल तिथं जास्त जागा, साधा असेल तिथं कमी. मग हेडफोन लावून नवी प्रत माझ्याशी ताडून पाहिली आणि पाठवली.

पलीकडे ती तीनदा वाजली. मग बाबा म्हणाले, "एकविसावा सेकंद. किर्रर्र ऐकलंस? बेअरिंग गेलंय. बंद कर लिफ्ट. आत्ता!"

व्यवस्थापक धावत वर आले. "कोणाच्या सांगण्यावरून बंद केली?"

"माझ्या," ती म्हणाली आणि तिने मुख्य स्विचला कुलूप घातलं.

दुपारी चाक उघडलं. बेअरिंगमधल्या दोन गोळ्यांचा भुगा झाला होता. व्यवस्थापकांनी तो बोटावर घेतला आणि पेशंटच्या स्ट्रेचरला हात लावायला जिन्याकडे गेले.

तेव्हापासून तिच्या कंपनीतले सगळेच बाबांकडे आवाज पाठवतात. बाबा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हेडफोन लावतात आणि घरच्यांना बजावतात, "कामावर आहे, हाक मारू नका."

मी मूळ रूपात एका डिस्कवर आहे. जागा थोडी जास्त खाते, कबूल आहे. पण तुम्हीही कधी आवाज लहान करायला बसलात, तर आकड्याआधी कानाला विचारा. आणि मूळ फाईल पुसू नका. छाटलेलं पुन्हा फुटत नाही हो.